किरणांचं टॉनिक

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात सहाव्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर मंडपात दिलेलं व्याख्यान. स्मरणिकेसाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)



मी काही वक्ता नव्हे. या मंडपात तुम्ही मला शिडीवर चढलेला, नाहीतर विसर्जनाच्या आदल्या रात्री ट्रॉलीच्या चाकात ग्रीस भरताना पाहिलेला आहे. शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा, नोकरी वॅगन दुरुस्तीची. सचिव म्हणाले, "रेल्वेतल्या गमतीजमती सांगा, अर्धा तास सहज जाईल." पण मी दुसराच विषय मागून घेतला. तब्येतीला चांगल्या म्हणून घराघरांत विकल्या गेलेल्या किरणोत्सारी वस्तूंचा इतिहास. हा विषय मीच का घ्यावा, ते इथे बसलेल्या पाच घरांना ठाऊक आहे. बाकीच्यांना शेवटी सांगतो.

सुरुवात एका ओळखीच्या शब्दापासून करू. आपल्या झाशीत मोटरसायकलच्या नंबरप्लेटवर चमकणारी अक्षरं चिकटवून देणारा दुकानदार पाटी काय लावतो? 'रेडियमवाला'. गाडीच्या शेवटच्या डब्यामागचा 'एलव्ही'चा फलक रात्री दिव्यात चमकतो, त्यालाही आपण 'रेडियम लावलंय' म्हणतो. खरं तर त्या पट्टीत रेडियमचा कणसुद्धा नसतो. ती फक्त पडलेला उजेड परत फेकते. पण शंभर वर्षांपूर्वी रेडियमने जगावर अशी काही मोहिनी घातली, की चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला त्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच. मोहिनी केवळ चमकण्याची नव्हती. रेडियम म्हणजे शक्ती, रेडियम म्हणजे तारुण्य, असं लोक मनापासून मानत होते.

१८९६ साली फ्रान्समध्ये बेकेरेल यांना दिसलं, की युरेनियमचे क्षार आपोआप किरण बाहेर टाकतात. १८९८ साली मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधलं. हा पदार्थ आपल्या आपण उजळे, आपल्या आपण गरम राही, आणि ही ऊर्जा येते कुठून ते कुणाला कळेना. कोळसा टाकल्याशिवाय चालणारं इंजिन जर कुणी तुमच्या शेडमध्ये आणून उभं केलं, तर तुम्ही काय म्हणाल? लोकांचं तसंच झालं. त्यात डॉक्टरांना आढळलं, की रेडियम जवळ धरलं तर काही गाठी आटतात. हे खोटं नव्हतं. कर्करोगाच्या किरणोपचारांची सुरुवात तिथूनच झाली. किंमत विचाराल, तर १९२१ साली अमेरिकेतल्या महिलांनी वर्गणी काढून मेरी क्युरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिलं, ते एक लाख डॉलरचं होतं.

आता इथून औषधाच्या बाटलीपर्यंत गाडी कशी आली, ते बघा. प्रत्येक स्टेशन अगदी तर्कशुद्ध वाटतं.

१९०३ साली जे. जे. थॉमसन या मोठ्या शास्त्रज्ञाला विहिरीच्या पाण्यात किरणोत्सारी वायू सापडला. हाच तो रेडियमपासून निघणारा रेडॉन. पुढे युरोपातल्या नामांकित गरम पाण्याच्या झऱ्यांतही तो मिळाला. आपल्याकडे लोक वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला आंघोळीला जातात, तसे तिकडचे लोक पिढ्यानुपिढ्या त्या झऱ्यांवर जात होते. मग विद्वानांनी हिशेब जुळवला, की झऱ्याचा गुण म्हणजे हाच वायू. आणि तेच पाणी बाटलीत भरून घरी नेलं तर गुण का येत नाही? कारण रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो. आणखी पावणेचार दिवसांत त्याच्या निम्मा. म्हणजे पाणी 'शिळं' होतं. मग उपाय काय? झराच घरात आणा!

त्यातून अमेरिकेत 'रेव्हिगेटर' नावाची बरणी आली. १९१२ साली तिचं पेटंट निघालं. आपल्याकडच्या पिंपाला खाली तोटी असते, तशीच तोटी असलेली चिनी मातीची बरणी. फरक एवढाच, की आतून युरेनियम-रेडियमच्या खनिजाचा थर. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळपासून दिवसभरात सहा-सात पेले प्यायचं. अशा बरण्या लाखांनी खपल्या. २००९ साली संशोधकांनी जुन्या बरण्यांत पाणी ठेवून तपासलं, तेव्हा रेडॉन तर होताच, शिवाय खनिजातून शिसं, आर्सेनिक आणि युरेनियम पाण्यात उतरत होतं, आणि हे विष किरणांपेक्षाही जास्त घातक असावं असं त्यांचं मत पडलं. म्हणजे ज्याची भीती बाळगायला हवी होती, त्याचा जाहिरातीत उल्लेखच नव्हता.

तुम्ही म्हणाल, तिकडे डॉक्टर लोक झोपले होते का? नाही, झोपले नव्हते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने अशा उपकरणांसाठी चक्क मानक ठरवलं होतं. चोवीस तासांत एका लिटर पाण्यात दोन मायक्रोक्युरीपेक्षा जास्त रेडॉन उतरला, तरच उपकरणाला मान्यता. म्हणजे लढाई कुणाशी, तर ज्यात किरण कमी त्याच्याशी. बाजारात रेडियमच्या नावावर साधं पाणी विकणारे ठग पुष्कळ होते. गंमत म्हणा की दैव म्हणा, त्या ठगांच्या गिऱ्हाइकांचे फक्त पैसे गेले. जीव गेले ते अस्सल माल घेणाऱ्यांचे.

अशा अस्सल मालाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे 'रेडिथॉर'. न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंज गावात विल्यम बेली नावाचा माणूस तो तयार करी. हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला होता पण पदवी घेतली नव्हती, तरी स्वतःला डॉक्टर म्हणवून घेई. अर्ध्या औंसाची बाटली, म्हणजे आपल्या खोकल्याच्या औषधाचे तीन चमचे. त्यात ऊर्ध्वपातित पाणी, आणि रेडियमचे दोन प्रकार, प्रत्येकी निदान एक मायक्रोक्युरी. एक मायक्रोक्युरी म्हणजे दर सेकंदाला ३७,००० अणू फुटतात. दोन्ही मिळून ७४,०००. बाटलीवर 'प्रमाणित किरणोत्सारी पाणी' असं छापलेलं असे, आणि ते अक्षरशः खरं होतं. अशक्तपणा, संधिवात, रक्तदाब, मरगळ, सगळ्यांवर एकच उपाय. डॉक्टरांनी लिहून दिलं तर त्यांना कमिशन. १९२५ ते १९३० या काळात चार लाखांवर बाटल्या खपल्या.

याच बेलीने अंगावर बांधायचं एक उपकरणही काढलं होतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या डबीत रेडियमचे कागद. ते गळ्याजवळ, कमरेजवळ, शरीरातल्या ग्रंथींवर ठेवून झोपायचं. सुरुवातीची किंमत एक हजार डॉलर. ही डबी लक्षात ठेवा, पुढे काम आहे.

आता गोष्ट आपल्या खात्यात येते. एबेन बायर्स नावाचा पिट्सबर्गचा मोठा कारखानदार होता. घराण्याचा लोखंडाचा धंदा. तरुणपणी, १९०६ साली, गोल्फमध्ये अमेरिकेचा हौशी विजेता. १९२७ साली फुटबॉलचा सामना बघून परत येताना हा गृहस्थ रेल्वेच्या वरच्या बर्थवरून खाली पडला आणि त्याचा हात दुखावला. दुखणं जाईना, तेव्हा एका डॉक्टरने रेडिथॉर सुचवलं. बायर्सला बरं वाटायला लागलं. अंगात उत्साह आला म्हणे. मग रोज दोन-तीन बाटल्या सुरू झाल्या. स्वतःला गुण आला म्हणून त्याने मित्रांना पेट्यांच्या पेट्या पाठवल्या. आपल्या शर्यतीच्या घोड्यांनाही पाजलं. तीन वर्षांत तो एकूण १४०० च्या आसपास बाटल्या प्यायला, असा अंदाज आहे.

शरीरात नेमकं काय होत होतं, ते माझ्या भाषेत सांगतो. रेडियम हे रसायनशास्त्राच्या तक्त्यात कॅल्शियमच्याच रांगेतलं. अंगात कॅल्शियमसारखाच गणवेश. आपल्या कारखान्याच्या गेटवर गणवेशातला माणूस दिसला की शिपाई त्याला सहसा अडवत नाही, तसं शरीर रेडियमला अडवत नाही. कॅल्शियम समजून थेट हाडात नेऊन बसवतं. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं, म्हणजे माणसाच्या हयातीत ते संपायचं नाव नाही. त्यातून अल्फा कण सुटतात. अल्फा कण बाहेरून आला तर साधा कागदसुद्धा त्याला अडवतो, आपली कातडी अडवते. पण तो हाडाच्या आतच बसून सुटायला लागला, तर अडवणार कोण? शेजारच्या जिवंत पेशी मार खात राहतात, रात्रंदिवस.

१९३० साली बायर्सचं डोकं आणि जबडा दुखायला लागला, वजन उतरलं, दात पडायला लागले. १९३१ मध्ये सरकारी चौकशीसाठी एक वकील त्याचा जबाब घ्यायला घरी गेला. तोवर वरचा जबडा समोरच्या दोन दातांपुरता उरला होता आणि खालचा जवळजवळ सगळा काढून टाकावा लागला होता. इथे मुलं बसली आहेत, म्हणून जास्त सांगत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने रेडिथॉरच्या प्रचारावर बंदीचा आदेश काढला. ३१ मार्च १९३२ रोजी बायर्स वारला. वय ५१. त्याला शिशाचं अस्तर लावलेल्या पेटीत पुरलं. १९६५ साली अभ्यासासाठी ती पेटी उघडली, तेव्हाही त्याची हाडं किरण टाकत होती. बेली मात्र १९४९ पर्यंत जगला आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने गेला.

पण बायर्सचं दुखणं ओळखता आलं ते कुणामुळे, हे सांगितलं नाही तर माझ्यासारख्या कारखान्यातल्या माणसाने बोलूच नये. ते ओळखता आलं कामगार मुलींमुळे. न्यू जर्सीतल्याच ऑरेंज गावी १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमच्या रंगाने आकडे रंगवण्याचा कारखाना होता. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून निमुळतं करायला त्यांना शिकवलेलं. प्रत्येक वेळी थोडा रंग पोटात. "याने काही होत नाही," असं वरचे सांगत. एकेकीचे दात गेले, जबडे गेले, जीव गेले. १९२५ साली त्या जिल्ह्याचे वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलँड यांनी त्याचा संबंध रेडियमशी जोडून दाखवला. १९२८ साली ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींशी कंपनीने न्यायालयाबाहेर तडजोड केली. प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि वर्षाला सहाशे.

आता तारखा जुळवून बघा. १९२५ साली हे छापून आलं. त्याच वर्षी रेडिथॉरचा धंदा जोरात सुरू झाला. मुलींच्या खटल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या आणि बायर्स रोज बाटल्या रिचवत होता. कामगार मुलींच्या मरणाने जे झालं नाही, ते एका धनिकाच्या मरणाने झालं. लोक हादरले, आणि बाजार पडला. १९३८ साली अमेरिकेत अन्न, औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा नवा कडक कायदा आला. १९४१ साली, या मुलींच्या आणि अशा रुग्णांच्या मोजमापांवरून, माणसाच्या शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल याची मर्यादा ठरली. एक मायक्रोक्युरीचा दहावा भाग. बायर्सच्या एकेका बाटलीत त्याच्या वीसपट होतं. प्यालेल्यातलं बरंचसं बाहेर पडतं हे खरं, पण बाटल्या चौदाशे होत्या.

हे वेड एकट्या अमेरिकेचं नव्हतं. फ्रान्समध्ये १९३० नंतरच्या काळात 'थो-राडिया' नावाची चेहऱ्याची क्रीम निघाली. तिच्यात थोरियम आणि रेडियम दोन्ही. जाहिरातीत डॉ. अल्फ्रेड क्युरी यांचं नाव. आडनाव वाचून लोकांना वाटे, ते त्याच क्युरींपैकी. नातं काहीच नव्हतं. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'डोरामाड' नावाची किरणोत्सारी टूथपेस्ट होती, थोरियमची. बर्लिनच्या आउअर कंपनीची. युद्धाच्या अखेरीस अमेरिकेचं 'अल्सॉस' पथक जर्मनांच्या अणुबाँबचा माग काढत होतं. त्यांना कळलं, की या कंपनीने फ्रान्समधला थोरियमचा मोठा साठा उचलून जर्मनीला नेला आहे. सगळे धसकले. शोध घेता घेता निघालं काय, तर कंपनी युद्धानंतरच्या धंद्याची तयारी करत होती. टूथपेस्टच्या!

या आउअर कंपनीशी तुमची-माझी जुनी ओळख आहे, बरं का. ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना गॅसबत्ती आठवत असेल. आमच्या गावच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत डोक्यावर पेट्रोमॅक्स घेतलेल्या माणसांच्या दोन रांगा असत. त्यातली ती रेशमासारखी जाळी, म्हणजे मेंटल, आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने काढली. त्यानेच ही कंपनी स्थापली. जाळीत ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि एक टक्का सेरियमचं. थोरियम मिळतं मोनाझाइट नावाच्या वाळूत, आणि ही वाळू केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आहे, हे १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ओळखलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढून हे खनिज हाती घेतलं. म्हणजे बाप्पाच्या मिरवणुकीच्या उजेडातही थोरियम होतं. घाबरून जाऊ नका, पेटलेली जाळी दुरून बघणाऱ्याला त्याचा उपद्रव नगण्य. पण तिथे थोरियम उजेडासाठी होतं. टूथपेस्टमध्ये ते केवळ भोळ्या समजुतीसाठी होतं. कामाचा किरण आणि बिनकामाचा किरण, हा फरक इथे लक्षात ठेवायचा.

आणि आता त्या मोनाझाइटच्या पुढच्या प्रवासाकडे, म्हणजे माझ्या घरी, येतो.

२०१२ साली एका सहकाऱ्याच्या घरी मीटिंगला गेलो होतो. साखळी पद्धतीने विक्री, तुम्हाला माहीत आहेच. वस्तू होती गळ्यात घालायचं पेंडंट. काळसर गोल चकती, 'ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनवलेली', 'क्वांटम ऊर्जा' आणि 'ऋण आयन' देणारी. सांधेदुखी, थकवा, झोप, मोबाइलचे किरण, सगळ्यावर उपाय. त्यांनी मला एका पायावर उभं करून हात दाबला, मी डगमगलो. मग पेंडंट गळ्यात घालून पुन्हा दाबला, मी डगमगलो नाही. टाळ्या! दुसऱ्या वेळेला आपलं अंग आपोआप तयारीत असतं, एवढी साधी गोष्ट रोज भार आणि तोल बघणाऱ्या माझ्यासारख्याच्या ध्यानात आली नाही. मग एक छोटं यंत्र आणलं, चकतीजवळ धरलं, आणि त्यावर आयनांचा आकडा सरसर वाढला. मी म्हटलं, हे तर यंत्राने सिद्ध झालं. साडेतीन हजारांना एक, अशी दोन घेतली. एक मला, एक आईच्या गुडघ्यांसाठी. आणि नंतर या मंडळातल्या पाच घरांना मी स्वतः पाच विकली. प्रत्येकी चारशे रुपये कमिशन घेतलं. 'इंजिनिअर माणूस सांगतोय' म्हणून त्यांनी घेतलं.

डिसेंबर २०२१ मध्ये बातमी वाचली. नेदरलँड्सच्या किरणसुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तूंबद्दल इशारा दिला होता. पेंडंटं, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी, लहान मुलांचं कडंसुद्धा. तपासणीत त्या किरणोत्सारी निघाल्या. मात्रा कमी, पण सतत, वर्षानुवर्षं अंगावर घातल्यास अपाय नाकारता येत नाही. घालू नका, बाजूला ठेवा, असा सल्ला होता. अशा वस्तूंत थोरियम-युरेनियम असलेल्या खनिजाची पूड, बहुधा मोनाझाइट, मिसळलेली असते. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. किरणोत्सारी पदार्थ हवेचे आयन करतोच! त्या दिवशीचं यंत्र खोटं बोललं नव्हतं. आयन खरे होते. रेडिथॉरच्या बाटलीवरचा मजकूर जसा खरा होता, तसेच खरे.

दोनेक महिन्यांनी कामानिमित्त एका फाउंड्रीत जाणं झालं. तिथे बोगीच्या ओतकामातले दोष गॅमा किरणांनी तपासतात. ते काम करणाऱ्यांच्या छातीवर बॅज असतो, त्यांना किती किरण लागले याचा नियमाने हिशेब ठेवतात. तिथल्या मित्राला मी माझं पेंडंट दिलं. त्याने मीटर चालू केलं. टेबलावर नेहमीचा आकडा. चकतीला टेकवलं, तर दहा-बारा पट. मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, "हमारे यहाँ तो इसका हिसाब रखना पड़ता है। आप गले में डालकर घूम रहे हैं?"

घरी आलो. आईला म्हटलं, "आई, ते गळ्यातलं दे. त्यात खोट आहे."

आईने निमूटपणे काढून दिलं. मी विचारलं, "पण तुझ्या गुडघ्यांना तर बरं वाटत होतं ना?"

ती म्हणाली, "कुठलं रे! तू एवढ्या हौसेने आणलंस, म्हणून घातलं."

नऊ वर्षं! मंडळी, त्या नऊ वर्षांत मी किती लोकांना सांगितलं असेल, की माझ्या आईला गुण आला.

मग पाचही घरी गेलो. पैसे परत द्यायला लागलो. काहींनी घेतले, काहींनी घेतले नाहीत. एका काकांनी पाकीट परत माझ्या खिशात कोंबलं आणि म्हणाले, "पैशाचं राहू दे. पण पुन्हा काही सांगायला आलास, तर आधी मोजून ये." ते आज इथे पुढच्याच रांगेत आहेत. आजचं व्याख्यान त्यांच्या आज्ञेने, मोजून आणलेलं आहे.

भीती पसरवायला मी उभा नाही, म्हणून प्रमाणही सांगतो. पेंडंट म्हणजे रेडिथॉर नव्हे. ते पोटात जात नाही आणि त्याची मात्रा फार लहान आहे. कुणी घातलं असेल तर उद्या आजारी पडेल असं मुळीच नाही. पण फायदा शून्य असेल, तर छोटा धोकासुद्धा कशापायी घ्यायचा? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षा मानकांत हेच तत्त्व आहे. खाण्यापिण्याच्या पदार्थांत, सौंदर्यप्रसाधनांत मुद्दाम किरणोत्सारी पदार्थ घालणं, किंवा खेळण्यांत, दागिन्यांत तो हौसेखातर वापरणं, हे समर्थनीय नाही. उलट, उद्या डॉक्टरांनी थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन सांगितलं, कर्करोगासाठी किरणोपचार सांगितले, तर माझं भाषण आठवून नकार देऊ नका! तिथे गरज असते, मात्रा मोजलेली असते, आणि जबाबदार माणूस सही करतो. आपल्या देशात त्यावर १९८३ पासून अणुऊर्जा नियामक परिषदेची देखरेख आहे.

आपल्या कारखान्यात आपण ॲक्सल नुसता 'दिसायला बरा' म्हणून पास करत नाही. अल्ट्रासॉनिकने बघतो, कारण तडा आत असतो. पण घरात आईच्या गळ्यात घालायची वस्तू मात्र मी एका टाळीवर पास केली. म्हणून माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. यात आहे काय, ते नावानिशी सांगता का? गुण येतो हे कुणी मोजलं, आणि न वापरणाऱ्यांशी ताडून पाहिलं का? आणि जो सांगतोय, त्याला यातून काय मिळतं? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण सांगणारा बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो. बायर्सचे मित्र बाटली प्यायले ते बेलीच्या जाहिरातीवरून नव्हे, बायर्सच्या प्रेमाखातर.

शेवटची एक विनंती. मी विकलेल्या पाचांपैकी चार परत मिळाली. ती आणि घरची दोन, अशी सहा मी पत्र्याच्या डब्यात घालून माणसांच्या वावरापासून दूर ठेवली आहेत. पाचवं त्या घरातून कुणा पाहुण्यांकडे गेलं, तिथून आणखी कुठे, आणि आता पत्ता लागत नाही. ज्यांच्या घरी अशी काळी चकती, कडं किंवा पट्टी असेल, मग ती मी दिलेली असो वा नसो, त्यांनी ती अंगावरून काढावी, विशेषतः लहान मुलांच्या. फोडू नका, जाळू नका, घासून पूड करू नका. एका डब्यात ठेवून मला हाक मारा. मी येऊन घेऊन जाईन. रात्री-अपरात्रीसुद्धा येईन.

बाप्पा बुद्धीची देवता आहे. ती यंदा थोडी माझ्या वाट्यालाही यावी, एवढंच मागणं मागून माझे दोन शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!